कळा लवकर येतील का, हे चाचणीवरून किती कळतं?

प्रश्न गोव्यातल्या साखळीहून आला आहे. पहिली खेप, वीस आठवडे पूर्ण. थोरल्या बहिणीचं बाळंतपण एकतिसाव्या आठवड्यात झालं होतं, बाळ बरेच दिवस काचेच्या पेटीत होतं, आता ठणठणीत आहे. हिच्या अनॉमली स्कॅनच्या, म्हणजे बाळात काही व्यंग नाही ना हे बघणाऱ्या सोनोग्राफीच्या, वेळी आतून सोनोग्राफी करून पिशवीच्या तोंडाची लांबी मोजली आणि रिपोर्टात ३४ मिलिमीटर लिहिलं. इंग्लंडला स्विंडनमध्ये असलेली नणंद म्हणते, इथे फायब्रोनेक्टिनची (योनीतल्या स्रावातल्या एका प्रथिनाची) तपासणी होते, ती करून घे. सासूबाई म्हणतात, तपासण्या पुरे, सरळ झोपून राहा. माहेर सीमेपलीकडे महाराष्ट्रात, दोडामार्गला, सातव्यात तिकडे जावं की नाही हाही घोळ आहेच. आणि मुख्य प्रश्न: कळा दिवस भरायच्या आत येतील का, हे खात्रीने सांगणारी चाचणी कोणती?

खात्रीने सांगणारी एकही नाही. इथे नाही, स्विंडनलाही नाही. काही चाचण्या ‘इतक्यात काही होणार नाही’ हे बऱ्यापैकी भरवशाने सांगतात. ‘होणार’ हे मात्र त्यांना नीट सांगता येत नाही. उत्तर लांबणार आहे ते या फरकामुळे, कारण रिपोर्ट हातात पडल्यावर घरात जो घोळ होतो तो बहुतेक वेळा इथेच होतो.

अंदाज नेमका कशाचा बांधायचा, ते आधी पाहू. ३७ आठवडे पुरे व्हायच्या आत जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली भारतात अशी सुमारे ३० लाख बाळं जन्मली, म्हणजे शंभरात तेरा. यातल्या साधारण एक तृतीयांश बाळंतपणांत कळा आपोआप आलेल्या नसतात. आईचं ब्लडप्रेशर हाताबाहेर जातं, बाळाची वाढ खुंटते, म्हणून आम्ही डॉक्टरच बाळ लवकर बाहेर काढतो. पिशवीचं तोंड मोजून ही बाळंतपणं आधी कळणं शक्यच नाही. उरलेल्या दोन तृतीयांशात कळा आपसूक सुरू होतात किंवा पाणी जातं. तिथेही कारण एक नसतं. कुणाला जंतुसंसर्ग, कुणाच्या वारेमागे रक्तस्राव, कुणाला जुळ्यांमुळे पिशवीवर ताण, कुणाच्या पिशवीचं तोंडच कमजोर. कितीतरी जणींच्या बाबतीत शेवटपर्यंत कारण हाती लागत नाही. इतक्या वेगवेगळ्या वाटांनी येणारी गोष्ट एकाच चाचणीने पकडायची अपेक्षा धरली की निराशा ठरलेली.

आणि आठवडे मोजण्यातच चूक असेल तर पुढचं सगळंच चुकतं. पाळीची तारीख ‘चवथीच्या आसपास’ इतकीच आठवत असेल आणि पहिली सोनोग्राफी पाचव्या महिन्यात झाली असेल, तर ३३ आठवड्यांचं म्हणून घाबरवलेलं बाळ प्रत्यक्षात ३६ आठवड्यांचं निघतं, कधी उलटंही होतं. पहिल्या तीन महिन्यांत झालेली सोनोग्राफी हा तारखेचा सगळ्यात पक्का आधार. तुमची अकराव्या-बाराव्या आठवड्यातली सोनोग्राफी झाली असेल तर तो कागद जपून ठेवा. त्याच्याशिवाय बाकीच्या चाचण्यांचे आकडे लटके पडतात.

सगळ्यात जुनी आणि फुकटची चाचणी म्हणजे आधीची कहाणी विचारणं. स्वतःचं आधीचं बाळंतपण लवकर झालं असेल तर पुढच्या वेळी धोका साधारण दीडपट ते दुप्पट होतो. जितकं आधी झालं असेल तितका तो जास्त. बहिणीच्या इतिहासानेही धोका थोडा वाढतो, पण तो स्वतःच्या इतिहासाइतका जड नाही. अडचण अशी की लवकर बाळंत होणाऱ्या बहुतेक बायकांना आधी असं काही झालेलंच नसतं, निम्म्या तर पहिलटकरणीच असतात. वय, वजन, उंची, काम, आधीचे गर्भपात असं सगळं मांडून गुण देण्याच्या पद्धती पूर्वी निघाल्या होत्या. त्यांचा उपयोग इतका तोकडा निघाला की आज त्या कुणी फारशा वापरत नाही.

आता तुमच्या ३४ कडे येऊ. पिशवीचं तोंड हा गर्भाशयाचा खालचा नळीसारखा भाग. दिवस भरेपर्यंत तो लांब आणि बंद राहायला हवा. पुष्कळ जणींमध्ये कळा जाणवण्याच्या कितीतरी आठवडे आधीपासून तो आतल्या बाजूने उघडत, आखूड होत येतो. हे लक्षात आल्यावर मोजणीची कल्पना आली. १९९६ साली अमेरिकेतल्या दहा केंद्रांमधल्या २,९१५ बायकांची चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास अशी मोजणी केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी लांबी ३५ मिलिमीटर भरली, आणि २५ किंवा त्याहून कमी ही धोक्याची रेषा तेव्हापासून रुळली. तुमचे ३४ म्हणजे सरासरीच.

त्याच अभ्यासाचे आकडे हजार बायकांच्या हिशेबात मांडून बघा, म्हणजे चाचणीची खरी ताकद कळेल. हजारातल्या साधारण ४३ जणी ३५ आठवड्यांच्या आत आपोआप बाळंत झाल्या. मोजणीत २५ किंवा कमी भरलेल्या होत्या साधारण ९१. या ९१ मधल्या लवकर बाळंत झाल्या फक्त १६. उरलेल्या ७५ जणी धोक्याच्या यादीत नाव लागूनही ३५ आठवड्यांच्या पुढे गेल्या. आणि दुसऱ्या बाजूला, ज्या ४३ जणी खरोखरच लवकर बाळंत झाल्या त्यांच्यातल्या २७ जणींची लांबी ‘नॉर्मल’ भरली होती.

म्हणजे तोंड आखूड असलेल्या दर सहा बायकांमागे पाच जणींच्या बाबतीत धास्ती फुकट गेली, आणि लवकर बाळंत झालेल्या दर पाच जणींमागे तीन जणी हातातून निसटल्या. चाचणी पार टाकाऊ आहे असं यातून निघत नाही. २२ मिलिमीटर किंवा कमी असलेल्यांचा धोका लांब तोंडवाल्यांच्या साधारण नऊपट होता, १३ किंवा कमी असेल तर चौदापट. पण मूळ धोकाच लहान असला की तो नऊपट होऊनही ‘नक्की’च्या जवळ जात नाही.

याच अभ्यासातला आणखी एक आकडा लोकांना फार आवडतो: लांबी २५ च्या वर असेल तर ३५ आठवड्यांआधी बाळंत न होण्याची खात्री ९७ टक्के. ऐकायला झकास. पण काहीच न मोजता मी प्रत्येकीला ‘तुझं ३५ च्या पुढे जाईल’ असं डोळे मिटून सांगितलं असतं, तरी शंभरातल्या जवळजवळ ९६ जणींच्या बाबतीत मी बरोबर ठरले असते! मोजणीने भर घातली ती टक्क्या-दीड टक्क्याची. ९७, ९९ असे आकडे कुणी समोर ठेवले की आधी विचारायचं, चाचणीशिवाय हा आकडा किती होता? ही एक सवय लागली तर निम्म्या जाहिराती आपोआप गळून पडतील.

तुमच्यासारख्या पहिलटकरणींवरचाच एक मोठा अभ्यास २०१७ साली आला, तोही अमेरिकेतला, ९,४१० बायकांचा. त्यात १६ ते २२ आठवड्यांच्या दरम्यान मोजलेल्या लांबीने, २५ ची रेषा धरून, पुढे आपोआप लवकर बाळंत झालेल्यांपैकी फक्त ८ टक्के पकडल्या. २२ ते ३० आठवड्यांत मोजलं तेव्हा २३ टक्के. फायब्रोनेक्टिनने त्या नंतरच्या मोजणीतसुद्धा ८ टक्केच पकडल्या, आणि दोन्ही एकत्र करूनही फारशी भर पडली नाही. म्हणून कसलाही त्रास नसलेल्या पहिलटकरणीने फायब्रोनेक्टिन करून घ्यावं असं मी सांगत नाही. नणंदबाई काळजीपोटीच सांगताहेत, पण ती तपासणी वेगळ्या वेळेसाठी आहे. तिच्याकडे येतेच.

मग मोजायचं तरी कशाला? कारण आखूड तोंड सापडलं तर हातात एक उपाय आहे. २००७ साली आलेल्या एका अभ्यासात १५ मिलिमीटर किंवा कमी लांबी असलेल्यांना रोज रात्री २०० मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉनची गोळी योनीत ठेवायला दिली. ३४ आठवड्यांआधी बाळंत होण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांवरून १९ वर आलं. २०११ मध्ये १० ते २० मिलिमीटर लांबी असलेल्यांवर प्रोजेस्टेरॉनचं जेल वापरलं, तेव्हा ३३ आठवड्यांआधीचं प्रमाण १६ वरून ९ टक्क्यांवर उतरलं. सगळे अभ्यास इतके गोड नाहीत, २०१६ च्या एका मोठ्या ब्रिटिश अभ्यासात ठळक फायदा दिसला नाही. पण सगळ्यांचं वजन एकत्र केलं तर आखूड तोंड, एकच बाळ आणि योनीतून प्रोजेस्टेरॉन हा मेळ टिकतो, आणि औषध स्वस्त व निर्धोक आहे.

पण २००७ च्या त्या अभ्यासात ४१३ आखूड तोंडं सापडायला २४,६२० बायकांची मोजणी करावी लागली होती. माझा हिशेब असा: साधारण चारशे बायका मोजाव्या तेव्हा ३४ आठवड्यांआधीचं एक बाळंतपण टळतं. कुणाला हे थोडं वाटेल. मला वाटत नाही, कारण अनॉमली स्कॅन तर होतोच, त्याच बैठकीत पाच मिनिटं जास्त लागतात, आणि ते एक बाळ ज्या घरचं असतं त्या घराला चारशेच्या हिशेबाशी देणंघेणं नसतं. म्हणून १८ ते २३ आठवड्यांच्या दरम्यान एकदा मोजून घ्यावं या मताची मी आहे.

मात्र मोजणी नीट झाली असेल तरच. पोटावरून घेतलेल्या मापावर मी विसंबत नाही. मूत्राशय भरलेलं असलं की तोंड आहे त्याहून लांब दिसतं, आणि बाळाचं डोकं मध्ये आलं की दिसतच नाही. आतून सोनोग्राफी करायची ती लघवी करून आल्यावर. प्रोब हलक्या हाताने धरायचा, दाबला तरी लांबी वाढते. तीन-चार मिनिटं थांबून तीन मापं घ्यायची आणि त्यातलं नीट दिसलेलं सगळ्यात लहान माप धरायचं. घाईच्या ओपीडीत हे होतंच असं नाही. रिपोर्टात आतून मोजल्याचा उल्लेख आणि चित्र असेल तर बरं. आतून सोनोग्राफी केल्याने बाळाला धक्का बसतो, तोंड उघडतं, हा समज मात्र काढून टाका. प्रोब तोंडाच्या आत जातच नाही. फोंड्यापासून पेडण्यापर्यंत ही भीती ऐकते आणि नवरे मंडळींनाच ती जास्त असते.

तुमची मोजणी पुन्हा करायची का? त्रास नसेल तर गरज नाही. आधी स्वतःचं बाळंतपण लवकर झालेल्या बाईची गोष्ट वेगळी. तिचं सोळाव्या आठवड्यापासून चोविसाव्यापर्यंत साधारण दर दोन आठवड्यांनी मोजतात, आणि २५ च्या खाली आलं तर पिशवीच्या तोंडाला टाका घालण्याचा विचार होतो. तिथे टाक्याला पुरावा आहे. पहिल्या खेपेला नुसतं तोंड आखूड दिसलं म्हणून टाका घालण्याला तसा भक्कम पुरावा नाही. जुळी असतील आणि तोंड फक्त आखूड असेल, उघडलेलं नसेल, तर टाक्याने फायदा दिसलेला नाही, नुकसानाची शंका आहे. रबरी रिंग, म्हणजे पेसरी, बसवण्याची मध्यंतरी हवा होती. २०२३ मध्ये अमेरिकेतला त्यावरचा अभ्यास मधेच थांबवावा लागला, कारण फायदा नव्हताच, उलट रिंगच्या गटात बाळं दगावण्याचं प्रमाण जास्त होतं.

आता फायब्रोनेक्टिन. बाळाभोवतीचं आवरण आणि गर्भाशयाचं अस्तर यांना चिकटवून ठेवणारं हे प्रथिन. २२ आठवड्यांनंतर ते योनीतल्या स्रावात सहसा सापडत नाही, सापडलं तर आतला चिकटपणा सुटायला लागल्याची शंका घेतात. कापसाच्या काडीने आतला स्राव घेऊन मोजायचं, रेषा ५० नॅनोग्रॅमची. रक्त जात असेल, पाणी गेलं असेल, आदल्या चोवीस तासांत संबंध आला असेल किंवा आधीच हाताने तपासणी झाली असेल तर निकाल बिघडतो. भारतात ही चाचणी रोजच्या वापरात नाही, आणि वर सांगितल्याप्रमाणे तुमच्या आजच्या अवस्थेत तिचा उपयोगही नाही.

तिचं काम सुरू होतं ते पोट कडक व्हायला लागल्यावर. समजा काणकोणची तिसाव्या आठवड्यातली बाई रात्री अकराला कळा येतात म्हणून आली. मॉनिटरवर आकुंचनं दिसताहेत. तिला आत्ता बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, हलवायचं की सकाळपर्यंत बघायचं? सहज लक्षात येत नाही अशी गोष्ट म्हणजे मुदतपूर्व कळा म्हणून दाखल केलेल्या बायकांपैकी जवळजवळ निम्म्या पुढे पूर्ण दिवसांवर बाळंत होतात, आणि आठवड्याभरात बाळंत होणाऱ्या शंभरात दहासुद्धा नसतात. आकुंचनं मोजून हे कळत नाही. घरी आकुंचनं मोजायची यंत्रंही परदेशात दिली गेली, त्यातून काही साधलं नाही. अशा वेळी फायब्रोनेक्टिन निगेटिव्ह आलं तर पुढच्या सात दिवसांत बाळंतपण न होण्याची खात्री एका गाजलेल्या अभ्यासात ९९.५ टक्के निघाली. पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी सात दिवसांत बाळंत झाल्या जेमतेम १३ टक्के. म्हणजे ‘नाही’ म्हटलं तर ऐकायचं, ‘हो’ म्हटलं तर फक्त सावध व्हायचं. इथेही माझा मघाचा प्रश्न लागू आहेच, चाचणीशिवायसुद्धा नव्वदच्या वर जणी आठवडा काढतातच. पण आता समोर एक ठरलेला निर्णय असतो, रात्री अ‍ॅम्ब्युलन्स काढायची की नाही, बाळाच्या फुप्फुसांसाठीची इंजेक्शनं सुरू करायची की नाही, आणि त्या निर्णयासाठी एवढी भर कामाची ठरते.

आपल्याकडे हेच काम आतून सोनोग्राफीने भागतं. कळा आहेत पण तोंड ३० मिलिमीटर किंवा जास्त आहे, तर सहसा बाळंतपण जवळ नाही. १५ च्या खाली असेल तर वेळ घालवायचा नाही. इंग्लंडची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंसुद्धा ३० आठवड्यांनंतर आधी ही मोजणी सांगतात, तिथे रेषा १५ ची आहे, आणि मोजणी शक्य नसेल तर फायब्रोनेक्टिन. मधल्या १५ ते ३० च्या पट्ट्यात डॉक्टरचा अंदाज, घर ते दवाखाना अंतर आणि बाईचा आधीचा इतिहास हे सगळं आकड्याइतकंच मोलाचं. वाळपईच्या आतल्या गावातून भर पावसात आलेल्या बाईला मी २२ मिलिमीटरवर ठेवून घेईन. बांबोळीला दहा मिनिटांवर राहणारीला कदाचित दुसऱ्या दिवशी बोलावीन.

अंदाज चुकल्याची किंमत काय, हे सांगायला उदाहरण शेजारीच आहे. लवकर बाळंतपण होणार असं वाटलं की बाळाची फुप्फुसं पक्की करायला आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देतात, ६ मिलिग्रॅमची चार, बारा-बारा तासांनी. पहिल्या इंजेक्शननंतर एक दिवस ते एक आठवडा या काळात बाळ जन्मलं तर फायदा सगळ्यात जास्त. जागतिक आरोग्य संघटनेचा यावरचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. भारतातली केंद्रंही त्यात होती, बेळगाव त्यातलंच. सोनोग्राफीने आठवडे पक्के करून, सोय असलेल्या हॉस्पिटलात, ज्यांचं बाळंतपण खरोखर जवळ होतं अशांनाच इंजेक्शन दिलं. बाळं दगावण्याचं प्रमाण २३.५ वरून १९.६ टक्क्यांवर आलं. त्याच्या पाच वर्षं आधी, २०१५ मध्ये, बेळगाव आणि नागपूर धरून सहा देशांत झालेल्या एका वेगळ्या प्रयोगाचे निकाल आले होते. गावपातळीवर, अंदाजाने, सरसकट इंजेक्शन द्यायचं. इंजेक्शन मिळालेल्या बहुतेक बायकांची बाळं त्यात फार लहान निघालीच नाहीत, आणि सगळी बाळं मिळून मृत्यूचं प्रमाण हजारी २३.९ वरून २७.४ झालं, म्हणजे वाढलं. औषध तेच. २०२० च्या अभ्यासात ते योग्य बाईला, योग्य वेळी, योग्य जागी मिळालं.

म्हणून ‘कशाला रिस्क, देऊन टाका इंजेक्शन’ हा आग्रह मला मान्य नाही. कळा थांबून बाळंतपण दोन महिन्यांनी झालं तर त्या बाळाला इंजेक्शनचा फायदा शून्य, आणि पूर्ण दिवसांच्या बाळांना हे औषध विनाकारण मिळण्याबद्दल दूरच्या परिणामांची शंका घेणारे अभ्यास आहेत.

आता झोपून राहण्याबद्दल, सासूबाईंचा मान राखून. कमी लांबीच्या पहिलटकरणींमध्ये हे तपासून पाहिलेलं आहे. ज्यांना आराम, कामबंदी सांगितली त्यांच्यातल्या ३७ टक्के मुदतीआधी बाळंत झाल्या, ज्यांना सांगितली नाही त्यांच्यातल्या १७ टक्के. आरामामुळेच त्या लवकर बाळंत झाल्या असं यावरून म्हणता येत नाही, पण आरामाने टळतं असं म्हणायला तर काहीच जागा उरत नाही. सतत झोपून पायात रक्ताच्या गाठी होतात, स्नायू ढिले पडतात, मन खचतं. तुमचं तोंड तर ३४ आहे. चाला, जेवण करा, नोकरी असेल तर करा, डोहाळजेवण दणक्यात करा. जड उचलणं आणि तासन्‌तास उभं राहणं तेवढं टाळा.

सासूबाईंच्या पिढीचा दुसरा समज, सातव्या महिन्याचं बाळ जगतं आणि आठव्याचं जगत नाही. हा समज अजून घराघरांत आहे आणि त्यापायी आठव्या महिन्यातल्या बाईचं उगाच काळीज धडधडतं. प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो, ३२ पेक्षा ३४ बरे, ३४ पेक्षा ३६.

‘बाळ टिकायला’ म्हणून दर आठवड्याला कमरेत द्यायचं हार्मोनचं इंजेक्शन आपल्याकडे अजून सर्रास चालतं. हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन कॅप्रोएट हे त्याचं नाव. आधीच्या आशा पुढच्या मोठ्या अभ्यासात टिकल्या नाहीत, आणि एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेने मुदतपूर्व बाळंतपण टाळण्यासाठीची त्याची परवानगी काढून घेतली. तुमच्यासारख्या सरासरी लांबीच्या बाईला ते देण्याचं काहीच कारण नाही. योनीतल्या जंतूंसाठी सगळ्यांचा स्वॅब तपासून प्रतिजैविकं देणं हेही फ्रान्समधल्या २०१८ च्या मोठ्या अभ्यासात निष्फळ ठरलं. खाज, वास, जळजळ असेल तर तपासणी जरूर करा, ती गोष्ट निराळी. लघवीची कल्चर तपासणी मात्र सगळ्यांनी एकदा करावी. लक्षणं नसलेला लघवीचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचला की त्यातून कळा सुरू होऊ शकतात, आणि तो साध्या गोळ्यांनी बरा होतो.

रक्तातली दोन प्रथिनं एकोणिसाव्या-विसाव्या आठवड्यात मोजून धोका सांगणारी एक चाचणीही अमेरिकेत निघाली आहे. तिच्या कंपनीच्याच अभ्यासात लवकर बाळंत होणाऱ्या चौघींमधल्या तिघी पकडल्या गेल्या, पण न होणाऱ्या चौघींमधल्या एकीला उगाच धोका दाखवला गेला. धोक्यात नसलेल्या बायकाच संख्येने कितीतरी जास्त, हे लक्षात घेतलंत तर त्या एकीचं वजन कळेल. मघाचा ९१ आणि १६ चा हिशेब इथेही तसाच लागतो. त्यासाठी पैसे खर्चू नका.

एका गोष्टीला चाचणी लागलीच नाही. २०२० मध्ये आलेला एक मोठा अभ्यास, पुन्हा बेळगाव आणि नागपूर धरून सहा देशांतला, जवळजवळ १२ हजार पहिलटकरणींचा. चौदा आठवड्यांच्या आत सुरू केलेली रोजची ८१ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन. मुदतपूर्व बाळंतपणाचं प्रमाण १३.१ वरून ११.६ टक्क्यांवर आलं. फरक लहान आहे, पण निवड, मोजणी, रिपोर्ट काहीही न करता मिळालेला आहे. तुमची ती वेळ निघून गेली आहे, आता मनाने सुरू करू नका. ब्लडप्रेशरच्या कारणासाठी तुमच्या डॉक्टरांनी आधीच दिली असेल तर मात्र बंदही करू नका.

राहता राहिलं माहेर. दोडामार्गला जाण्याला माझी हरकत नाही, आकडा तसा सांगत नाही. पण बहिणीचा इतिहास बघता मी दोन गोष्टी आधी ठरवीन. २८ ते ३४ आठवड्यांच्या मधला काळ शक्यतो साखळीलाच काढायचा, माहेरी नंतर जायचं. किंवा आधीच जायचं असेल, तर कळा आल्यास कुठे जायचं ते आजच पक्कं करायचं. सिंधुदुर्गातल्या कितीतरी बायका अडचणीच्या वेळी बांबोळीलाच येतात, तुम्हालाही तेच सोयीचं पडेल. ३४ आठवड्यांच्या आतलं बाळ एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) असलेल्या जागीच जन्मलेलं बरं, जन्मल्यावर बाळाला गाडीतून नेण्यापेक्षा आईच्या पोटातून नेणं कितीतरी सुरक्षित. १०८ ची गाडी दोन्ही राज्यांत आहे. पण सीमेपलीकडून फोन लावला तर ती महाराष्ट्राची येईल आणि तिथल्या सरकारी दवाखान्याकडे वळण्याची शक्यता जास्त, म्हणून घरची किंवा ओळखीची एक गाडी रात्रीसाठी बोलून ठेवा.

फाइलमध्ये पहिल्या सोनोग्राफीचा कागद, या ३४ चा रिपोर्ट, रक्तगट आणि लघवीच्या कल्चरचा निकाल एकत्र लावा, आणि सगळ्याचे फोटो मोबाइलवरही ठेवा. दर दहा मिनिटांनी किंवा त्याहून लवकर पोट कडक होत राहिलं, कंबर थांबून थांबून भरून आली, पाण्यासारखं काही गेलं, रक्त दिसलं किंवा खाली जड दाब वाटला, तर ‘रिपोर्ट तर नॉर्मल होता’ म्हणून घरी थांबू नका. तो आकडा विसाव्या आठवड्यातला आहे. तिसाव्या आठवड्यात कळा आल्या तर नव्याने मोजावं लागेल.